अजिंठ्याचे राखणदार आणि आपली मुले



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यात घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलगा हुशार असला तर डॉक्टर किंवा इंजिनिअर, मध्यम असला तर डी.एड. किंवा आय.टी.आय., आणि काहीच जमले नाही तर आखाती देशाचा व्हिसा. मुलीचे शिक्षण तर पुष्कळदा बारावीवरच थांबते. या ठरलेल्या वाटा वाईट आहेत असे मी म्हणत नाही. त्यांनी अनेक घरे सावरली आहेत. परंतु आज आपणांस अशा एका कामाची ओळख करून द्यावयाची आहे, की जे आपल्यातल्या काही थोर माणसांनी केले आणि ज्याचे नावही आपल्या मुलांच्या कानावर पडत नाही. ते काम म्हणजे जुनी चित्रे, इमारती, शिलालेख आणि कागदपत्रे यांचे जतन. हे ऐकून "जुने ते रद्दीवाल्याचे" असे म्हणणारे वाचक हसतील. त्यांनी थोडा धीर धरावा. मी इतिहासाचा मास्तर. सांगायचे ते इतिहासातूनच सांगणार.

अजिंठ्याची लेणी आपण सर्वांनी निदान पाठ्यपुस्तकात तरी पाहिली आहेत. वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर कड्यात खोदलेली ही सुमारे तीस लेणी. त्यांतली सर्वांत जुनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातली. आणि जी चित्रे जगभर गाजली ती बहुतेक पाचव्या शतकात, वाकाटकांच्या अमदानीतली. पुढे लेणी ओस पडली, रान माजले, वटवाघळांची वस्ती झाली. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा मद्रास फौजेतला इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तेथे पोचला आणि दहाव्या लेण्यातल्या चित्रित खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. बाहेरच्या जगाशी अजिंठ्याची नव्याने ओळख झाली ती अशी, एका ओरखड्याने!

त्यानंतरची शंभर वर्षे या चित्रांना फार वाईट गेली. पाहावयास येणाऱ्या साहेबलोकांनी चित्रांचे तुकडे उकरून नेल्याच्या नोंदी आहेत. नेता नेता त्यांतले काही हातातच भुगा होऊन गेले. ज्यांना चित्रांची कदर होती त्यांनी नकला करविल्या. १८४४ साली मेजर रॉबर्ट गिल यास या कामी नेमले. त्याने कित्येक वर्षे तेथे राहून मोठमोठी तैलचित्रे तयार केली. ती लंडनला गेली आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत, थोडी सोडून, जळाली. मग मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२ ते १८८५ या काळात खपले. त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. दोनदा नकला जळाल्या आणि मूळ चित्रे, ज्यांची कोणी राखण करीत नव्हते, ती मात्र कड्याच्या पोटात टिकून राहिली. त्यातही एक दुखणे मागे उरले. अंधारात चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून नक्कल करणाऱ्यांनी काही ठिकाणी मूळ चित्रांवर वार्निश फासले होते. या वार्निशाकडे पुन्हा यावयाचे आहे.

१९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम नावाच्या इंग्रज चित्रकर्त्री नव्याने नकला करण्यासाठी आल्या. त्यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांच्यासारखे बंगालचे तरुण होते हे पुष्कळांना ठाऊक असते. हैद्राबादचे सय्यद अहमद आणि मोहम्मद फजलुद्दीन हे दोन चित्रकारही त्याच तुकडीत होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. यांतले सय्यद अहमद पुढे अजिंठ्यालाच राहिले आणि लेण्यांचे क्युरेटर, म्हणजे अभिरक्षक झाले. नक्कल करण्यास आलेला माणूस राखणदार होऊन राहिला.

त्या वेळी अजिंठा हैद्राबाद संस्थानात होते. १९१४ साली निजाम सरकारने स्वतंत्र पुरातत्त्व खाते काढले आणि त्याची सूत्रे गुलाम यझदानी यांच्या हाती दिली. या गृहस्थांची माहिती विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावी. जन्म दिल्लीचा, १८८५ सालचा. शिक्षण अरबी-फारसीचे, पेशा आरंभी प्राध्यापकाचा. देशातील अरबी-फारसी शिलालेखांचे सरकारी नियतकालिक त्यांनी पंचवीसहून अधिक वर्षे संपादित केले. मांडू आणि बीदर या शहरांवर त्यांनी लिहिलेली पुस्तके आजही अभ्यासक उघडतात. परंतु त्यांचे नाव राहिले ते अजिंठ्यामुळे. १९३० ते १९५५ या पंचवीस वर्षांत त्यांनी अजिंठ्याचा चार भागांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. भिंतीवरील प्रत्येक प्रसंग कोणत्या जातककथेतला, कोणती आकृती कोणाची, दागिना कोणता, वस्त्र कसले, हे त्यांनी ओळीओळीने नोंदविले. पहिल्या लेण्यातला तो प्रसिद्ध पद्मपाणी बोधिसत्त्व रंगीत छपाईत जगापुढे नेणाऱ्यांत हा अरबी-फारसीचा पंडित पुढे होता. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १९६२ साली ते वारले.

येथे थोडे थांबून एका शंकेचा विचार केला पाहिजे. ती उघडपणे कोणी विचारीत नाही, पण मनात असते. मूर्ती आणि चित्रे सांभाळण्याचे काम मुसलमानाच्या मुलाने करावे काय? पूजा करणे वेगळे आणि सांभाळणे वेगळे, एवढा फरक आपल्याला कळतो. दुसऱ्याची ठेव आपल्या ताब्यात आली तर तिला आपण अमानत म्हणतो, आणि अमानतीत खयानत करणे किती मोठा गुन्हा हे घरातल्या लहान पोरालाही सांगावे लागत नाही. अजिंठा ही हैद्राबादच्या ताब्यात आलेली अमानत होती. निजाम सरकारने तिच्यावर पैसा खर्च केला आणि यझदानी व सय्यद अहमद यांनी आयुष्यातली वर्षे खर्च केली. याहून अधिक उत्तर मला तरी द्यावेसे वाटत नाही.

आता कामाकडे वळू. यझदानींनी पाहिले तेव्हा चित्रांखालचा गिलावा जागोजागी भिंतीपासून सुटून फुगला होता. धक्का लागला की पोपडा खाली. हिंदुस्थानात तेव्हा या विद्येचे जाणकार नव्हते, म्हणून इटलीहून प्रा. चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना बोलाविण्यात आले. १९२० ते १९२२ या काळात दोन हिवाळे त्यांनी काम केले. सुटलेला गिलावा त्यांनी पुन्हा खडकाशी सांधला, फुटक्या कडा बांधून घेतल्या, धूळ-काजळी काढली. हे काम झाले नसते तर आज जे दिसते त्यातले पुष्कळ दिसले नसते. पण शेवटी त्यांनी चित्रांवर शेलॅकचा हात दिला. शेलॅक म्हणजे आपली लाखच, स्पिरिटमध्ये विरघळविलेली. आपले पॉलिशवाले कपाटाला मारतात तीच. त्या दिवशी चित्रे झळाळून उठली असतील. पण लाख काही वर्षांनी पिवळी पडते, मग तपकिरी होते, धूळ धरते, आणि आक्रसताना खालचा रंगही ओढते. आधीच्या लोकांचे वार्निश आणि त्यावर ही लाख. मूळचे निळे, हिरवे, पांढरे रंग या पडद्याआड गेले आणि अजिंठ्याची चित्रे मुळातच तांबूस-पिवळी आहेत असा लोकांचा समज झाला.

यात इटालियन तज्ज्ञांना दोष देण्याचे कारण नाही. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे त्यांनी उत्तम तेच केले. पण यातूनच या विद्येचा पहिला नियम शिकावयास मिळतो: जे पुढच्या माणसाला विनासायास काढून टाकता येईल तेवढेच आज लावावे.

चित्रे नेमकी कशी केली आहेत हे कळल्याशिवाय त्यांना हात लावणे धोक्याचे, हेही पुढे उमगले. एस. परमशिवन या रसायनशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात गिलाव्याचे आणि रंगांचे पृथक्करण केले. खडकावर मातीचा गिलावा, त्यात भाताचे तूस, गवत आणि वनस्पतींचे धागे. त्यावर चुन्याचा पातळ हात. आणि तो वाळल्यावर डिंक वा सरसात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढऱ्यासाठी चुना व तत्सम माती, आणि निळ्यासाठी दूर बदखशानहून आलेला लाजवर्द. आपण घराला गेरू-चुना लावतो त्याचेच हे थोर भावंड म्हणावे. यावरून काय समजते? रंग कोरड्या भिंतीवर दिलेला असल्याने ओल्या फडक्याने पुसला की तो फडक्यावरच येईल. तूस व धागे किड्यांना खाद्य आहेत. हवेतली ओल वाढली की माती फुगते, आणि लेण्यात शंभर माणसे शिरली की त्यांच्या श्वासानेच ओल वाढते. आमच्या शाळेची सहल गेली तेव्हा एका मुलाने कुरकुर केली, की दिवे इतके मंद का आणि आत मोजकीच माणसे का सोडतात? कारण हे.

स्वातंत्र्यानंतर, १९५०च्या दशकात, अजिंठा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आले. १९८३ साली भारतातली जी पहिली स्थळे जागतिक वारशाच्या यादीत गेली त्यांत अजिंठा होते. वेरूळ, ताजमहाल आणि आग्ऱ्याचा किल्ला हे सोबती. खात्याच्या विज्ञान शाखेचे राजदेव सिंह यांनी १९९९पासून नवव्या-दहाव्या लेण्यात लाखेचे थर उतरविण्याचे काम हाती घेतले. बोटभर जागा, मग पुढची बोटभर जागा. काजळी आणि लाखेखालून दोन हजार वर्षांपूर्वीच्या आकृती वर आल्या. अभ्यासकांना ज्या कायमच्या गेल्या असे वाटत होते, त्या तेथेच होत्या.

ही विज्ञान शाखा सुरू झाली १९१७ साली, कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये. काही वर्षांनी ती डेहराडूनला गेली. तिचे पहिले रसायनशास्त्रज्ञ कोण होते? मोहम्मद सनाउल्ला. मोहेंजोदडोला सापडलेल्या तांब्या-काशाच्या वस्तू कोणत्या धातूंच्या, विटांच्या सांध्यातला मसाला कसला, हे त्यांनी प्रयोगशाळेत तपासले, आणि जॉन मार्शल यांच्या १९३१ सालच्या मोहेंजोदडोवरील ग्रंथात त्यांचे विवेचन छापले आहे. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेला आपला मुलगा औषधांच्या कारखान्याखेरीज आणखी कोठे जाऊ शकतो, याचे हे शंभर वर्षांपूर्वीचे उदाहरण. या शाखेचे एक कार्यालय आज औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आहे. तेथील बिबी का मकबऱ्यावरचा नाजूक गिलावा तर आपण पाहिलाच असेल. संगमरवर थोडा आणि बाकी चुन्याची करामत. १६६० साली पुऱ्या झालेल्या या इमारतीचा रचनाकार अताउल्ला हा ताजमहालाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा.

चुन्याचा विषय निघाला म्हणून थोडे कडू बोलतो. आपल्या गावोगावच्या जुन्या मशिदी आणि दर्गे आपण काय करून टाकले आहेत? वर्गणी जमली की पहिले काम म्हणजे जुन्या दगडी भिंतीवर सिमेंटचा गिलावा, नक्षीवर हिरवा ऑईलपेंट, खांबांना न्हाणीघरातल्या फरशा. हेतू नेक, खर्चही मनापासून. पण चुन्याची भिंत श्वास घेते. आतली ओल ती बाहेर टाकते. सिमेंटने आणि ऑईलपेंटने ती वाट बंद होते, ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि दगडाची पूड होऊ लागते. शिलालेख तर रंगाच्या पाचव्या-सहाव्या हातानंतर वाचताच येत नाही. अजिंठ्यावर जी लाख बसली तिचीच ही बहीण.

दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याचे काम २००७ ते २०१३ या काळात आगाखान ट्रस्टने पुरातत्त्व खात्याबरोबर केले, तेव्हा गेल्या शतकात छतावर ओतलेले सुमारे दहा लाख किलो सिमेंट काँक्रीट आधी हातांनी फोडून उतरवावे लागले! मग चुना आला, पाथरवट आले, गवंडी आले. रंगीत कौले भाजण्याची विद्या आपल्याकडे लोपली होती, म्हणून उझबेकिस्तानचे कारागीर आणून शेजारच्या निजामुद्दीन वस्तीतल्या तरुणांना ती शिकविण्यात आली. ज्या मुलाचे डोके पुस्तकात चालत नाही पण हात चालतो, त्याच्या बापाने हे वाक्य पुन्हा वाचावे.

शिलालेखांविषयीही सांगितले पाहिजे. सर सय्यद अहमद खान यांना आपण अलीगढमुळे ओळखतो; आपल्या संस्थेसारख्या संस्था त्यांच्याच वाटेने निघाल्या. पण तरुणपणी, दिल्लीस मुन्सफ असताना, त्यांनी दिल्लीच्या इमारतींवर "आसारुस्सनादीद" हा ग्रंथ लिहिला, १८४७ साली. कुतुबमिनारावरचे उंचावरचे लेख खालून दिसेनात, तेव्हा दोन बांबूंना शिंके बांधून ते त्यात बसत आणि लोंबकळत लेख उतरवून घेत, असे हालींनी त्यांच्या चरित्रात लिहिले आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी शाहजहानच्या काळातली अकबराबादी मशीद पाडली. ती कशी होती हे आज आपल्याला कळते ते या ग्रंथामुळे. याच कामाबद्दल १८६४ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने त्यांना सन्माननीय सभासद केले.

ते शिंक्यातले काम आज पगारी नोकरी आहे. पुरातत्त्व खात्याची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा आपल्या नागपुरात आहे, हे किती पालकांना ठाऊक आहे? डॉ. झियाउद्दीन देसाई यांच्यासारख्या विद्वानाने ती वर्षानुवर्षे सांभाळली. फारसी-अरबीत एम.ए. झालेल्याला तेथे वाव आहे, आणि अशी माणसे आता मिळेनाशी झाली आहेत. "फारसी पढो, तेल बेचो" ही जुनी म्हण सांगून आपणच मुलांना त्या वाटेवरून परतविले.

शिक्षण कोठे मिळते हे थोडक्यात देतो. रसायनशास्त्राच्या पदवीधरास, चित्रकलेच्या पदवीधरास आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यासही या क्षेत्राची दारे वेगवेगळी आहेत. पुण्याचे डेक्कन कॉलेज पुरातत्त्वशास्त्रासाठी देशात नावाजलेले आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, म्हणजे पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, चित्रे व वस्तू दुरुस्त करण्याचे केंद्र आहे आणि संग्रहालयशास्त्राचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही चालतो. अलीगढ विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. लखनौला १९७६पासून जतनविद्येची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जुने कागद दुरुस्त करण्याचे अल्प मुदतीचे वर्ग होतात. आर्किटेक्ट झालेल्यास इमारतींच्या जतनाचे पुढील शिक्षण दिल्लीस घेता येते. आपल्या राज्याचे पुराभिलेख खाते मोडी लिपी शिकविते, बी.ए.च्या मुलींनी तर ती जरूर शिकावी. प्रवेशाच्या अटी दरवर्षी बदलतात, तेव्हा चौकशी करूनच अर्ज करावा.

पैशाचेही स्पष्ट बोललेले बरे. सरकारी जागा थोड्या, त्या स्पर्धा परीक्षेतून मिळतात, आणि आरंभी कंत्राटी कामावर भागवावे लागते. झटपट बंगला बांधावयाचा असेल त्याने या वाटेस जाऊ नये. चिकाटी, नीट अक्षर, स्थिर हात आणि रसायनशास्त्राची किंवा भाषेची पक्की बैठक असेल त्याला मात्र काम कमी पडणार नाही, इतके जुने या देशात पडून आहे.

आणि त्यातले बरेचसे आपल्याच घरांत आहे. काझी, खतीब, इनामदार घराण्यांत पत्र्याच्या पेट्यांतून सनदा आहेत. आदिलशाही-निजामशाही फर्मानांत तर वर फारसी आणि खाली मोडीत मराठी अशी दोन्ही लिखावट सापडते. त्यांतले कित्येक कागद जुन्नरी किंवा दौलताबादी, आपल्याच कागजी बांधवांनी लगदा कुटून केलेले. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचे नाव त्यावरूनच पडले. हा कागद शेकडो वर्षे टिकतो, आणि आपण तो काय करतो? अरबी अक्षर दिसले की पवित्र म्हणून विहिरीत किंवा नदीत थंडा करतो. कुराणशरीफच्या जीर्ण पानांचा अदब राखलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण त्या गठ्ठ्यात आजोबांच्या जमिनीची सनद, मशिदीचा वक्फनामा, एखादी दीनी किताबाची हस्तलिखित प्रतही जाते. आधी जाणत्याला दाखवावे, मग ठरवावे.

तोवर काय करावे? कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत. पेशवे दफ्तरातले कागद कापडी रुमालांत बांधून राहिले, तसे धुतलेल्या सुती कापडात बांधून ओलीपासून दूर, जमिनीपासून वर ठेवावेत. घडी बळेच उलगडू नये. हस्तलिखिताच्या चौकटीची हिरवी रेघ पाहा; तो जंगाल, म्हणजे तांब्याचा रंग, कागद खातो आणि पान त्याच रेषेवर तुटते, तेव्हा असे पान उलटताना खालून हात द्यावा. लॅमिनेशन तर कधीच करू नये; ते पुन्हा निघत नाही. ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी शुक्रवार सोडून कोणत्याही दिवशी शाळा सुटल्यावर आमच्या इतिहासाच्या खोलीत यावे. फारसी वाचणारे एक मौलवीसाहेब आणि मोडी वाचणारे एक निवृत्त तलाठी महिन्यातून एकदा येण्यास राजी झाले आहेत. मूळ कागद आपल्याच हातात राहील. आम्ही फक्त छायाचित्र घेऊ आणि वहीत नोंद करू. येताना पेटी आहे तशीच आणावी, आणि फाटले असेल त्यावर चिकटपट्टी लावू नये.